बटण खालचं दाबलं आणि हुक वर गेला

"अपघात होता होता वाचलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आता त्या मशीनला हात लावायची भीती वाटते. काम सोडू का?"

सोलापुरात कामगार वस्तीतल्या समुपदेशन केंद्रात बसते, तेव्हा हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. कधी लूमवरचा माणूस विचारतो, कधी फाउंड्रीतला. बहुतेक वेळा तो स्वतः विचारतच नाही, बायको नाहीतर आई विचारते आणि तो शेजारी खाली मान घालून बसलेला असतो. या प्रश्नाचं उत्तर मी आता कसं देते, ते मल्लिनाथमुळे बदललं. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२३ चा मे महिना होता. अकरालाच रस्ते ओस पडलेले. मल्लिनाथ आणि सुवर्णा दोघं आले. एका टॉवेल कारखान्याच्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या खात्यात, तो नऊ वर्षं ऑपरेटर. तिथे सुताची चीज, म्हणजे गोल गुंडाळ्या, उभ्या दांड्यांवर ओवून कॅरियर भरतात, तो कॅरियर इलेक्ट्रिक चेन हॉइस्टने, म्हणजे साखळीने भार उचलणाऱ्या विजेच्या यंत्राने, उचलून रंगाच्या वेसलमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीत, सोडतात आणि रंग बसला की तसाच वाफाळता बाहेर काढतात. दिवसाला दहा-बारा वेळा हेच काम.

"ह्यांना झोपच न्हाई, मॅडम," सुवर्णा सांगत होती. "आमच्या खाली किराणा दुकान आहे. पहाटे त्याचं शटर वर गेलं की दचकून उठतेत. अंग घामानं भिजलेलं. सिद्धेश्वराला नारळ फोडून आलो, तरी तेच. वीस दिवस झाले. आता रोज थोडी घेतल्याशिवाय जेवत न्हाईत."

तो गप्प. उजव्या हाताचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबत होता. नख पांढरं पडेपर्यंत दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. मी बराच वेळ नुसती बघत राहिले आणि मग विचारलं, "मल्लिनाथ, अंगठ्याने काय दाबताय?"

त्याने अंगठ्याकडे असं पाहिलं, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. म्हणाला, "खालचं बटण."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळची पहिली शिफ्ट, पहिलाच कॅरियर. हुक वर टांगलेला होता, तो खाली घ्यायचा होता. "मी खाली दाबायलालो, अन् हुक वर जायलाला. मला वाटलं, नीट दाबलं न्हाई. अजून जोरात दाबलो. वर धाडकन आवाज झाला अन् साखळी तुटून हुकासकट खाली आली. विजू तिथंच हुभा होता. एवढं अंतर, मॅडम." त्याने टेबलावर वीत ठेवली.

विजू म्हणजे बहिणीचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी मामानेच त्याला चिकटवला होता.

सुपरवायझरने जागेवरच निकाल दिला, "चुकीचं बटण दाबलास." मल्लिनाथलाही तेच खरं वाटत होतं. पेंडंटवरचे, म्हणजे हॉइस्ट चालवायच्या लोंबत्या बटणांच्या डबीवरचे, वर-खालीचे बाण कधीच पुसून गेले होते, त्यामुळे स्वतःच्या आठवणीखेरीज दुसरा पुरावा त्याच्याकडे नव्हता. मित्र म्हणायचे, "भ्यालास का बे?" आणि बहिणीच्या घरी जायचं त्याने बंद केलं होतं.

पहिल्या दोन भेटींत मी जे नेहमी करते तेच केलं. श्वासाचा सराव, झोपेची शिस्त, दारूने झोप येते पण पहाटे तीच मोडते हे समजावणं. थोडा फरक पडला, पण अंगठा थांबला नाही. माझी चूक अशी की मी त्याच्या मनात शिरले होते आणि त्याच्या हॉइस्टकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जणू भीती ही नुसती त्याच्या डोक्यातली गोष्ट.

तिसऱ्या भेटीत जाता जाता तो म्हणाला, "आदल्या दिवशी पॅनलचं काम झालं होतं. केबल बदलली." मला त्यातलं काही कळलं नाही, पण वाक्य लिहून ठेवलं. त्याची परवानगी घेऊन, नाव न सांगता, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना फोन लावला. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "फेज उलटी जोडली गेली असणार."

थ्री फेज मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलट दिशेने फिरते. विहिरीवरच्या पंपाची मोटर उलटी फिरली की पाणी चढत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. हॉइस्टमध्ये तेच झालं तर खालचं बटण दाबल्यावर हुक वर जातो. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. हुक वरच्या टोकाला पोचला की लिमिट स्विच वीज तोडतो, ही सगळ्यांची भिस्त. पण बऱ्याच हॉइस्टमध्ये वरचा लिमिट स्विच फक्त 'वर'चं सर्किट तोडतो. त्या सकाळी हुक वर चालला होता तो 'खाली'च्या सर्किटवर. लिमिट स्विचने आपलं काम चोख केलं असेल, पण त्याने जे सर्किट तोडलं त्यातून वीज वाहतच नव्हती. मोटर ओढत राहिली, आणि वाफेत वर्षानुवर्षं गंजलेली साखळी तुटली.

पुढच्या भेटीत मी हे मल्लिनाथला कागदावर काढून दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग त्याचा खरा काटा बाहेर आला. "ते असू दे मॅडम. पण मी नुसतं बोट सोडलं असतं तरी हुक थांबला असता."

हे खरं होतं. बटणावरून बोट उचललं की हॉइस्ट थांबायलाच हवा, त्याची रचनाच तशी असते. "तुमचा काही दोष नाही" असं म्हणून मी हा काटा काढू शकले नसते, त्याला ते खोटं वाटलं असतं. म्हणून आम्ही हिशेब मांडला. हॉइस्टच्या प्लेटवर वेग लिहिलेला होता, मिनिटाला ८ मीटर. म्हणजे सेकंदाला साधारण १३ सेंटिमीटर. हुक आणि हॉइस्टच्या बॉडीमध्ये किती जागा उरली होती? त्याने पुन्हा वीत दाखवली. मी पट्टीने मोजली, २० सेंटिमीटर.

"म्हणजे दीड सेकंद," तो म्हणाला. शाळा आठवीत सोडलेली, पण भागाकार त्यानेच केला.

दीड सेकंदात माणसाला दिसायचं, पटायचं आणि हात सोडायचा. घाबरल्यावर शरीर नवं काही करत नाही, रोजच्या सवयीचं तेच अधिक जोरात करतं. ब्रेक लागला नाही तर आपण ब्रेकच अजून जोरात दाबतो. नऊ वर्षं खालच्या बटणाने हुक खाली आलेला हात दीड सेकंदात त्या बटणावरचा विश्वास सोडत नाही. "मग काय करायला पाहिजे होतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "लाल बटण. सगळं एकदम बंद करणारं." तो म्हणाला, "लाल बटणावर पॉलिथिन गुंडाळलंय. वाफेनं पाणी जातंय म्हणून."

त्या दिवशी मला वाटलं, आता कारखान्यात जायलाच हवं. समुपदेशकाने असं जावं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत, अशील हो म्हणत असेल तर जावं. मल्लिनाथशी आधी ठरवलं, मी फक्त हॉइस्टबद्दल बोलेन. त्याची झोप, त्याची दारू, विजू, यातला एक शब्दही तिथे निघणार नाही. आयटीआयचे सर सोबत आले.

डाय हाऊसमध्ये शिरताच चष्म्यावर वाफ बसली. पेंडंट खरंच पॉलिथिनमध्ये, वर सुतळी बांधलेली. हुकाच्या तोंडावरची सेफ्टी लॅच वाकलेली. क्षमतेचा आकडा रंगाखाली गेलेला. सरांनी वजनाचा विषय काढला तेव्हा तर मालकही गप्प झाले. कॅरियरचं वजन म्हणून सगळे कोरड्या सुताचं वजन धरत होते, पण कापूस निथळल्यावरही आपल्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्त पाणी धरून ठेवतो. वेसलमधून बाहेर येणारा कॅरियर आत गेलेल्या कॅरियरपेक्षा कितीतरी जड असतो. शिवाय एक वेसल रुळाच्या नेमकी खाली नव्हती, त्यामुळे तिथला कॅरियर तिरका ओढून काढायचे. चेन हॉइस्ट सरळ वर उचलण्यासाठी असतो. तिरकं ओढलं की साखळी आपल्या खाचेतून नीट सरकत नाही आणि भार सुटताच झोका घेतो. त्या झोक्याच्या वाटेवर कोण उभं असायचं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मालक आधी म्हणाले, "नऊ वर्षांत एकदाच झालं." सरांनी त्यांना शांतपणे त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २९ सांगितलं. भार उचलणारं यंत्र, साखळी आणि बाकीचा सरंजाम सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा बारकाईने तपासून घ्यायचा, सुरक्षित भाराचा आकडा त्यावर ठळक दिसला पाहिजे, आणि त्याहून जास्त भार टाकायचा नाही. मालक वाईट माणूस नव्हते. आपल्या डोळ्यांदेखत तो आकडा रंगाखाली गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पंधरा दिवसांत हॉइस्टची तपासणी झाली, नवी साखळी आली, आणि फेज उलटी झाली तर हॉइस्ट सुरूच होऊ न देणारा रिले बसला. पेंडंटला पाण्यापासून जपणारं कव्हर मिळालं आणि त्यातून लाल बटण मोकळं राहिलं.

यंत्र दुरुस्त झालं म्हणून माणूस लगेच दुरुस्त होत नाही. मल्लिनाथला थेट भरलेल्या कॅरियरसमोर उभं करणं मला मान्य नव्हतं. सुपरवायझरशी बोलून त्यानेच पायऱ्या ठरवल्या. आठवडाभर नुसतं डाय हाऊसमध्ये उभं राहायचं, दुसऱ्याला चालवताना बघायचं. शटरसारखा खडखडाट कानावर पडू द्यायचा आणि पळायचं नाही. मग रिकामा हुक. शिफ्टच्या सुरुवातीला रिकामा हुक थोडासा खाली आणि थोडासा वर घेऊन बटण आणि दिशा जुळते का पाहायचं, मग हळूच वर नेऊन लिमिट स्विच थांबवतो का ते. मग लाल बटण. हे त्याने दिवसातून वीस वेळा दाबलं, चालत्या रिकाम्या हुकावर, जोवर अंगठा न विचारता तिकडे जाऊ लागला नाही. टेबलाची कड दाबणारा तोच अंगठा.

भाराचा दिवस आला तेव्हा तो म्हणाला, "पोटात गोळा आला, पण केलं." कॅरियर चार बोटं उचलायचा, थांबायचं, ब्रेक धरतो का बघायचं, लोंबकळायचा थांबला की मगच पुढे. हेल्परला जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर उभं करायचं. विजूला दुसऱ्या खात्यात पाठवा, असा हट्ट मल्लिनाथने आधी धरला होता. विजूनेच नाही म्हटलं. मामा-भाच्यात त्यावरून दोन दिवस अबोला झाला आणि मग बहिणीनेच दोघांना जेवायला बोलावलं. त्या जेवणात काय बोलणं झालं, ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

तर, काम सोडू का? पहिल्या महिनाभरात हा निर्णय घेऊ नका, असं मी आता सगळ्यांना सांगते. आधी बघा, त्या दिवशी जे बिघडलं ते सापडलंय का आणि दुरुस्त झालंय का. झालं नसेल तर तुमची भीती बरोबर आहे, आणि ती घालवायला माझ्याकडे येऊ नका. तिला घेऊन सुपरवायझरकडे जा, मालकाकडे जा, तिथेही कुणी ऐकलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जा. यंत्र नीट असूनही हात थरथरत असेल, तर मग आपण बसू. धक्का बसल्यावर पहिले काही आठवडे झोप उडणं, तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येणं हे होतंच, आणि बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतं. पण महिना उलटूनही तीच दृश्यं येत असतील, माणूस घरच्यांपासून तुटत असेल, दारू वाढत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री केव्हाही फुकट बोलता येतं, मराठीत.

घरच्यांना एकच विनंती. "काही झालं नाही ना, मग विसर," हे म्हणू नका. त्याच्यासाठी ते झालेलं आहे.

मल्लिनाथची शेवटची भेट दिवाळीनंतर झाली. शटरच्या आवाजाने अजून कधीकधी जाग येते म्हणाला, पण कूस बदलून झोपतो. घेणं सुटलं नव्हतं, कमी झालं होतं. मग खुर्ची पुढे ओढून त्याने सांगितलं, त्या आठवड्यात पॅनलचं पुन्हा काम निघालं होतं. सकाळी सुपरवायझर म्हणाला, घाई आहे, उचल. आणि तो म्हणाला, "रिले असला तरी रिकामा हुक चालवून बघितल्याशिवाय मी कॅरियरला हुक लावत न्हाई."

"मग?"

"दहा मिनटं गेली. चिडला थोडा."

"आणि फेज?"

"बरोबर होती," तो म्हणाला. दोन्ही हात मांडीवर स्वस्थ होते.