२१ दिवस होऊन गेले तरी सवय का लागत नाही?

पहाटे ५ ला उठणं, अर्धा तास व्यायाम, गोड बंद, रात्री फोन लांब, हे सगळं तुम्ही एकाच सोमवारी सुरू करता आणि तिसऱ्या आठवड्यात एकेक गळून पडतं, असं तुम्ही लिहिलंय. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, मग माझ्यातच जिद्द कमी आहे का, हा तुमचा प्रश्न. तो वाचून वाईट वाटलं, कारण मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच ऐकवत होतो.

आधी त्या २१ चं सांगतो. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात. पुढे तोंडोतोंडी त्यातलं ‘निदान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. सवयीचं प्रत्यक्ष मोजमाप केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी प्रत्येकी एकच सवय निवडली (एकच, हे लक्षात घ्या) आणि ८४ दिवस नोंदी ठेवल्या. ती गोष्ट आपसूक होऊ लागायला लागणारा मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, तर कुणाला हिशेबानं २५४ लागले असते. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त दिवस लागले. म्हणजे तुम्ही सोडून देता तेव्हा सवय अजून मुरतच असते.

माझे डोळे उघडले ते रक्तदाबाच्या गोळीमुळे. चाळिशीनंतर ती सुरू झाली. डबी दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवली आणि वर्षभरात गोळी क्वचितच चुकली. त्याच वर्षी चालायला जायचं मात्र आठवड्यातून चारदा राहायचं. माणूस तोच, गरजही तीच. फरक एवढाच होता की गोळीला दिवसात ठरलेली जागा होती आणि चालणं ‘वेळ मिळेल तेव्हा’वर सोडलेलं होतं. दात घासले की गोळी. त्यात विचार करायची वेळच येत नव्हती. चालण्याचा मात्र रोज नव्यानं निर्णय घ्यावा लागायचा, आणि दमलेल्या संध्याकाळी तो निर्णय नेहमी एकाच बाजूला झुकतो.

मग चालण्यालाही तशी जागा दिली. रात्री जेवलो, ताट धुवून ठेवलं की लगेच बूट घालायचे आणि १० मिनिटं चालून यायचं. सुरुवातीला मी ‘रात्री ९ वाजता’ असं ठरवलं होतं, ते टिकलं नाही. ९ वाजतात तेव्हा आपण भलत्याच कामात असतो, पण ताट मात्र हातातच असतं. म्हणून घड्याळापेक्षा, रोज होतेच अशी एखादी कृती शोधा आणि तिच्या पाठीला नवी सवय बांधा. ही कृती जितकी नेमकी, तितकं बरं. ‘जेवणानंतर’ ढोबळ आहे, ‘ताट धुतल्यावर’ नेमकं आहे.

१० मिनिटांनी काय होणार, असं वाटेल. जेवणानंतर चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती कमी चढते. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत वेगाचा. पूर्वी तो सलग किमान १० मिनिटांचा असेल तरच धरत. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. त्यामुळे ५ मिनिटंही वाया जात नाहीत. रोजची १० म्हणजे आठवड्याला ७०, जवळपास निम्मी वाट. मला तिथून २५ मिनिटांपर्यंत यायला सहा-सात महिने लागले, आणि ती वाढ ओढून आणावी लागली नाही. पण सगळ्यात दमलेल्या दिवशीही जमेल एवढंच माप अजूनही ‘झालं’ म्हणून धरतो. पाऊस किंवा ताप असेल तर राहतं. एखादा दिवस चुकल्यानं सवय बसण्यात फारसा अडथळा येत नाही, हेही लॅलींच्या अभ्यासात दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी ताट धुतलं की पुन्हा बूट.

पहाटे ५ चं मात्र आत्ता सोडाच, असं मी आग्रहानं सांगेन. तुम्ही १२ ला झोपता असं लिहिलंय. ५ ला उठलात तर ५ तास झोप होते, आणि प्रौढांना किमान ७ तास हवी. अपुऱ्या झोपेवर उभी केलेली कुठलीच सवय टिकताना मी पाहिली नाही. त्यापेक्षा उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा आणि उठल्यावर थोडा वेळ उजेडात जा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडानं लागतं, मग रात्री झोपही वेळेवर येऊ लागते.

गोड बंद करायचं सध्या बाजूला ठेवा. तेवढं घरात आणायचं कमी केलंत तरी पुरे. आधी चालणं घ्या, आणि दोन-तीन महिने दुसरं काही जोडू नका.