मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा

प्रश्न: मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. विमान ताशी ९०० किलोमीटरने उडतं. मग जाताना सोळा तास आणि येताना चौदा, असं का?

उत्तर: हा वाऱ्याचा खेळ आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. वाऱ्याचं महत्त्व किती, ते पाहा: ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे वाऱ्यासोबत नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, तरी जवळजवळ दोन तास वाचले! म्हणून प्रवास ठरवताना किलोमीटर सोडा, तास बघा. आणि तिकिटावरचे तास गेट सोडल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचे असतात. धावपट्टीकडे जाताना रांगेत गेलेला वेळही त्यातच आला.

प्रश्न: न्यूयॉर्क तर पश्चिमेला. मग विमान उत्तरेला कशाला जातं?

उत्तर: घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. तो रशिया, स्कँडिनेव्हिया करत ग्रीनलँडच्या बाजूने जाईल. सर्वांत जवळची वाट तीच. सपाट नकाशा इथे फसवतो. प्रत्यक्षात युद्ध किंवा बंद हवाई हद्द टाळायला वैमानिकांना वळसा घ्यावा लागतो.

प्रश्न: मुलाने आमचं तिकीट पाठवलंय. १० जुलै, रात्री १ वाजता मुंबईहून निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्क. साडेसहा तासांत कसे पोहोचणार?

उत्तर: दोन्ही वेळा त्या त्या गावच्या आहेत. तिकडच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथले सकाळचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. झाले सोळा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा होतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तारीख. १० तारखेचा रात्रीचा एक म्हणजे ९ तारखेची रात्र उलटल्यावरचा एक. बॅगा घेऊन ९ तारखेलाच संध्याकाळी घर सोडायचं. १० तारखेला रात्री जेवून निघालात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. कॅलेंडरवर ९ तारखेलाच खूण करून ठेवा.

प्रश्न: आई एकटी जाणार आहे, गुडघे दुखतात. थेट विमान घ्यावं की दोहाला बदलावं?

उत्तर: थेट. मधल्या विमानतळावरची पायपीट आणि भाषेची अडचण तरी वाचते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा आणि जागा मधल्या वाटेकडेची घ्या, म्हणजे अधूनमधून उठून पाय मोकळे करता येतील. बदलावंच लागलं तर मध्ये निदान तीन तास ठेवा आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा पोहोचून पुढचं चुकलं, तर आईला दुसऱ्या विमानात बसवण्याची जबाबदारी मग कंपनीची असते.