उडीची क्लिप ४८ वरून ३६ फ्रेमवर आणताना

ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यातल्या एनएलएमध्ये (हालचालींच्या क्लिप मांडायचा एडिटर), ४८ फ्रेमची उडी ३६ फ्रेममध्ये बसवायला तुम्ही प्लेबॅक स्केल ०.७५ केला आणि पात्र खेळण्यातल्या बाहुलीसारखं दिसायला लागलं, असं तुम्ही लिहिलंय. स्केल बरोबरच दिला आहे. तो १ पेक्षा कमी केला की क्लिप आखडते आणि वेगाने चालते. अडचण वेगळीच आहे. उडीचा एक भाग असा असतो की ज्याला हात लावायचाच नसतो.

तो म्हणजे पाय जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा. तिथला वेळ गुरुत्वाकर्षण ठरवतं, आपण नाही. समजा तुमचं पात्र २० व्या फ्रेमला सुटतं आणि ३४ व्याला टेकतं. २४ एफपीएसला (सेकंदाला २४ फ्रेम) हे १४ फ्रेम म्हणजे साधारण ०.५८ सेकंद, आणि तेवढ्या वेळात माणूस सुमारे ४२ सेंटिमीटर वर जाऊन खाली येतो. ०.७५ ने दाबलं की हवेत उरतात साडेदहा फ्रेम. एवढ्या वेळात जेमतेम २३ सेंटिमीटरची उडी होते, पण तुमचं पात्र मात्र अजून ४२ वरच जातंय. डोळ्याला हे लगेच खटकतं. छोट्या वस्तू अशा झटपट पडताना दिसतात, म्हणून पात्रही छोटं वाटतं.

तेव्हा १२ फ्रेम जमिनीवरच्या हालचालींतून काढा. आधी ॲक्शनची, म्हणजे क्लिपमागच्या मूळ ॲनिमेशनची, एक प्रत ठेवा आणि प्लेबॅक स्केल परत १ करा, नाहीतर पुढचे आकडे जुळणार नाहीत. स्ट्रिप (एनएलएमधली क्लिपची पट्टी) निवडून टॅब दाबा आणि डोपशीटमध्ये, म्हणजे कीजच्या वेळा दाखवणाऱ्या एडिटरमध्ये, या. कीज म्हणजे पोझ नोंदवलेल्या खुणा. समजा वाकण्याची तयारी १ ते १६ मध्ये आहे. प्लेहेड (चालू फ्रेम दाखवणारी उभी रेघ) १६ वर ठेवा, त्याआधीच्या कीज निवडा, कीबोर्डवर एस दाबून ०.६ द्या. डोपशीटमध्ये कीज प्लेहेडकडे आखडतात, त्यामुळे १६ ची की जागेवर राहते आणि पहिली ७ वर येते. मग प्लेहेड ३४ वर नेऊन त्यानंतरच्या कीज ०.५७ ने दाबा, शेवटची ४२ च्या आसपास येईल. ७ ते ४२ म्हणजे बरोबर ३६ फ्रेम, आणि हवेतले १४ जसेच्या तसे.

कीज अर्ध्यामुर्ध्या फ्रेमवर अडकतात. त्या शिफ्ट एस ने जवळच्या फ्रेमवर बसवा, मग सगळ्या निवडून ६ फ्रेम मागे सरकवा. टॅबने बाहेर येण्याआधी स्ट्रिपच्या ॲक्शन क्लिप पॅनेलमधलं सिंक लेंग्थ चालू करा, म्हणजे स्ट्रिपची लांबी नव्या कीजप्रमाणे होईल. ते राहिलं तर शेवटी पात्र काही फ्रेम नुसतं थिजून उभं राहतं.

वाकण्याचा भाग दाबल्यावर सगळ्यात खालची पोझ मात्र एकदा नीट बघा. ती निदान दोन-तीन फ्रेम टिकली पाहिजे. प्रेक्षकाला उडीचा जोर तिथूनच कळतो, आणि माझ्या मते लँडिंगच्या शेवटच्या डुलण्यापेक्षा ती कितीतरी महत्त्वाची आहे. फ्रेम कमी पडत असतील तर त्या डुलण्यातून घ्या.