टेकाडाखालचं आयर्लंड

प्रश्न : ताई, माझी लेक १५ वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर ती आयर्लंडच्या पऱ्या, शापित राजपुत्र असल्याच फॅन्टसी कादंबऱ्या वाचतेय. मी दोन चाळून बघितल्या, तर सगळे देखणे, सगळ्यांना पंख आणि सगळे कुणाच्या ना कुणाच्या प्रेमात. यात खरं पुराण किती आणि लेखकांनी घातलेलं किती? नावं कशी वाचायची तेही आम्हा दोघींना कळत नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर : पंख आधी काढून टाका. जुन्या कथांमधल्या त्या लोकांना पंख नसतात, ते माणसाएवढेच असतात, देखणे मात्र खरंच असतात, पंख फार नंतर चित्रकारांनी चिकटवले. त्यांना म्हणतात 'शी'. स्पेलिंग एस-आय-डी-एच-ई, त्यामुळे तुमची लेक बहुतेक 'सिधे' वाचत असेल. या शब्दाचा मूळ अर्थ टेकाड, मातीचा उंचवटा. कथा अशी आहे की देवी दानूच्या वंशाचे लोक आयर्लंडवर राज्य करायचे, मग आताच्या आयरिश लोकांचे पूर्वज समुद्रावरून आले, लढाई झाली, हे हरले, पण देश सोडून गेले नाहीत, टेकाडांच्या आत जाऊन राहिले. म्हणजे हरलेली माणसं तुमच्याच शेताखाली नांदताहेत आणि त्यांना सगळं आठवतंय! माझ्या मते ह्या कथांचा जीव इथे आहे. ज्या कादंबरीत परीलोक कुठेतरी ढगात असतो ती मला पोकळ वाटते, मग त्यात नावं कितीही आयरिश असू देत.

आणि ही टेकाडं खरीच आहेत. बॉइन नदीच्या काठचं न्यूग्रेंज ५००० वर्षांपेक्षा जुनं, गीझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं. आत जायला १९ मीटरची दगडी वाट, काही ठिकाणी तर अंग तिरकं करून सरकावं लागतं, दाराच्या वर एक छोटा झरोका. डिसेंबरात सर्वात लहान दिवसाच्या पहाटे त्या झरोक्यातून ऊन थेट आतल्या खोलीपर्यंत पोचतं आणि साधारण १७ मिनिटं राहतं. मी गेले तेव्हा उन्हाळा होता, गाइडने दिवे घालवले आणि विजेच्या दिव्याने तो किरण कसा येतो ते दाखवलं, नुसत्या दिव्यानेसुद्धा माझ्या अंगावर काटा आला.

हे टेकाड म्हणजे एंगस नावाच्या देवाचं घर. ते त्याने मिळवलं कसं, ते लेकीला नक्की सांगा. एका कथेत त्याचा बाप दागदा तिथे राहत असतो, एंगस म्हणतो मला हे घर दिवस आणि रात्र राहायला द्या. बापाला वाटतं एका दिवसाचा प्रश्न आहे, देतो. दुसऱ्या दिवशी पोरगा हलायलाच तयार नाही, म्हणतो दिवस आणि रात्र म्हणजे सगळा काळच की, मी 'एक' कुठे म्हणालो! जुन्या आयरिशमध्ये 'एक'साठी वेगळा शब्द लावावा लागत नाही म्हणून ही मेख चालते. इंग्रजीत ती समजावून सांगावी लागते, आपल्याकडे 'रात्रंदिवस' म्हटलं की झालं, त्यामुळे मराठीत ही गोष्ट फार सुंदर सांगता येते, मी भाच्यांना सांगितलीय, लगेच कळली.

उच्चारांचं म्हणाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, बी-एच आणि एम-एच दिसलं की बऱ्याचदा 'व'. म्हणून एन-आय-ए-एम-एच म्हणजे 'नीव'. राणी मेव, वीर कू खुलिन. तो 'ख' घशातून, 'खबर'मधला उर्दूवाले म्हणतात तसा.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे, आयर्लंडच्या १८४५च्या दुष्काळावर मराठीत फॅन्टसी लिहितोय. तिथे कधी गेलेलो नाही. दुष्काळात जादू घातली तर वाईट दिसेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : अरे लिही! फक्त जादूने कुणाचं पोट भरू नकोस. बटाट्यावर रोग पडला, गरिबांचं सगळं खाणं त्या एका पिकावर, आणि देशातून धान्य आणि गुरं बाहेर जातच होती. साधारण १० लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. तुझ्या गोष्टीत एखादी 'शी' येऊन शेत हिरवं करून गेली तर ज्यांनी हे होऊ दिलं ते सगळे सुटतात, आणि ते मला अजिबात पटणार नाही.

जादू कुठे बसेल ते सांगते. अमेरिकेला निघालेल्या पोराच्या घरी आदल्या रात्री जागरण व्हायचं, मयताच्या घरी व्हायचं तसंच, कारण तो परत दिसणार नाही हे आईबापांना माहीत असायचं. आता त्याच्या शेजारी ओशीन नावाच्या वीराची जुनी कथा ठेव. तो परीलोकातल्या नीवबरोबर समुद्रापलीकडे तारुण्याच्या देशात जातो, ३ वर्षं राहिलो असं त्याला वाटतं आणि इकडे ३०० वर्षं गेलेली असतात, घोड्यावरून खाली पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलेलं असतं, तो माणसांना धोंडा उचलायला मदत करायला वाकतो, खोगिराचा पट्टा तुटतो, पडतो आणि क्षणात म्हातारा होतो. जागरणाच्या रात्री आजीने नातवाला ही गोष्ट सांगितली तर?

तिथे गेला नाहीस याची काळजी करू नको. १९३७ ते १९३९मध्ये तिथल्या शाळकरी पोरांनी आजीआजोबांना विचारून हजारो वह्या भरल्या, परीच्या काटेरी झाडापासून दुष्काळातल्या रिकाम्या गावांपर्यंत, आणि ते सगळं आता ऑनलाइन फुकट वाचता येतं, पोरांच्याच अक्षरात. आधी एक महिना तेच वाच. आणि त्या डोंगरउतारांचे फोटो बघ, तिथे अजून बटाट्याच्या जुन्या वाफ्यांच्या रांगा दिसतात, ऊन तिरपं झालं की जास्तच. पहिलं प्रकरण झालं की मला पाठव.