शेजारच्या आजींना घरात त्रास होतोय असं वाटलं तर

ताई, तुला शंका आली आणि तू विचारलंस, हे फार बरं केलंस. आधी आजींना एकटं भेट. मुलगा सोप्यावर बसलेला असताना त्या काही बोलणार नाहीत. अंगावरच्या वळांआधी मी पैसे बघते: गोवा सरकारच्या दयानंद योजनेची पेन्शन खात्यात येते, पण पासबुक कोणाकडे? डिचोलीच्या एका आजींचं सुनेकडे होतं, आणि आजींच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.

या कामात नवीन असलेली माणसं इथं चुकतात:
- मुलाला जाब विचारतात. दार लागल्यावर राग आजींवर निघतो.
- आजींना न विचारता तक्रार करतात.

आजींशी बोलून मग १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन कर, मोफत आहे. जिवाला धोका वाटला तर थेट ११२. घराच्या कागदांचं नंतर बघू.