आईला डिमेन्शिया झालाय, औषधांचा खर्च झेपेल का?

औषधांचं फार मनावर घेऊ नका, डोनेपेझिलसारखी स्मृतिभ्रंशावरची गोळी स्वस्त जेनेरिकमध्ये मिळते. खरा पैसा जातो माणसावर. दिवसरात्र सोबतीला बाई, नाहीतर घरातल्या कुणाची तरी (बहुतेक वेळा सुनेचीच) सुटलेली नोकरी.

आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यातल्या बिघाडानेही विसर पडतो आणि तो सुधारू शकतो. मग बँक. आई समजून सही करतेय तोवर खातं जॉइंट करा, नॉमिनी लावा, मृत्युपत्र उरका. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं, मग कोर्टाच्या पायऱ्या. जुनी करप्रणाली घेतली असेल तर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाच्या दाखल्यावर ज्येष्ठांच्या उपचारखर्चाला १ लाखापर्यंत वजावट मिळते.

मनाचं काय सांगू? माझी आई पर्स तांदळाच्या डब्यात लपवायची आणि चोरीचा आळ माझ्यावर. सुरुवातीला मी भांडायचो, पुरावे दाखवायचो. नंतर नुसतं "चल, मिळून शोधू" म्हणायला लागलो. एकदा पर्स सापडलीच नाही, पण संध्याकाळी भाताबरोबर शिजलेली पन्नासची नोट निघाली.