जेरंड शिकताना 'टू'वर नजर ठेवा

इंग्रजी क्रियापदाला आयएनजी दिसलं की जेरंड, असं समजू नका. 'शी इज स्विमिंग'मध्ये क्रिया चालू आहे. 'स्विमिंग इज फन'मध्ये मात्र तोच शब्द नामाचं काम करतो, आपल्या 'पोहणं'सारखा; हाच जेरंड.

एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यामागून आयएनजी येतं. वॉन्ट, डिसाइड, होप यांच्यामागून 'टू'. यात तर्क शोधत बसू नका, फारसा हाती लागत नाही. नुसतं 'एन्जॉय' पाठ करण्यापेक्षा 'एन्जॉय रीडिंग' अशी जोडीच तोंडात बसवा. स्टॉपसोबत दोन्ही चालतात, पण अर्थ पालटतो: 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे त्याने बोलणं थांबवलं, 'ही स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे तो बोलायला थांबला. रिमेंबरचंही तसंच. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय; 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे आठवणीने लाव.

सगळ्यात भरवशाचा नियम प्रिपोझिशनचा, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययासारख्या शब्दांचा. ॲट, विदाउट, आफ्टर यांच्यानंतर क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच: 'गुड ॲट ड्रॉइंग', 'विदाउट आस्किंग'. घोळ होतो तो 'टू'पाशी, कारण तो कधीकधी प्रिपोझिशनही असतो. म्हणून 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' चूक (ईमेलमध्ये सर्रास दिसतं तरी!), 'मीटिंग यू' बरोबर. शंका आली की 'टू'पुढे 'इट' ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणून आयएनजी. 'वॉन्ट टू इट' चालत नाही, तिथे साधं क्रियापद.

'यूज्ड टू' सध्या बाजूला ठेवा. आधी एवढं पक्कं होऊ द्या.